पुस्तक घरपोच, हात लेबर रूममध्ये

ठाणे स्टेशनला पूर्वेच्या बाजूने बाहेर पडलं की कोपरी सुरू होते. मूळचं आगरी-कोळी गावठाण, फाळणीनंतर इथे वसलेली सिंधी मंडळी आणि पुढे चाळी-इमारतींतून भरत गेलेला नोकरदार वर्ग. या वस्तीत महापालिकेचं प्रसूतिगृह आहे. खाडीपलीकडे कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, पुढे डोंबिवलीत शास्त्रीनगर आणि कल्याणला रुक्मिणीबाई. घाटकोपरपासून कसाऱ्यापर्यंतच्या लोकलमध्ये सकाळी सातच्या आधी आणि रात्री नऊच्या आसपास खांद्याला पिशवी लावून डुलक्या काढणाऱ्या बायका दिसतात. त्यांतल्या बऱ्याच जणी या आणि अशाच रुग्णालयांतल्या सिस्टर असतात. काहींच्या पिशवीत डब्याशेजारी मुक्त विद्यापीठाची पुस्तिका असते.

नोकरी न सोडता, घर न मोडता बाळंतपणाच्या शास्त्रात पुढे शिकायचं, हा त्या पुस्तिकेमागचा हिशेब. बाळंतपण करायला टपालाने कसं शिकणार, असं कुणालाही वाटेल. शंका रास्त आहे. पण शिकणारी कोण आहे, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

बारावीनंतर जीएनएमचा, म्हणजे नर्सिंग-मिडवाइफरीचा, डिप्लोमा पुरा केलेली मुलगी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवते, तेव्हा तिची नोंद दुहेरी होते: परिचारिका म्हणून आणि प्रसाविका, म्हणजे मिडवाइफ, म्हणूनही. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा 1947चा, महाराष्ट्राचा 1966चा. कागदोपत्री ती प्रसाविका झाली. नोकरी मात्र मिळते अधिपरिचारिकेची. आज लेबर रूम, सहा महिन्यांनी सर्जरी, मग मेडिसिन, मग अतिदक्षता विभाग. बाळंतपणात हात बसत आला की ड्युटी बदलते. अशा बाईला पहिल्यापासून काही शिकवायचं नसतं. तिच्याकडे अनुभव असतो, पण तो विस्कळीत. दूरशिक्षण कामाला येतं ते इथे.

देशातलं या वाटेवरचं मुख्य ठिकाण म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, अर्थात इग्नू. विद्यापीठ 1985चं. नोंदणीकृत परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग त्याने 1994 साली सुरू केलं. महाविद्यालयात बसून हाच अभ्यासक्रम दोन वर्षांचा, इग्नूतून किमान तीन वर्षांचा. प्रवेशासाठी जीएनएम, दुहेरी नोंदणी आणि कामाचा अनुभव लागतो, शिवाय प्रवेश परीक्षा. मातृपरिचर्या हा त्यातला एक स्वतंत्र विषय. ही पदवी प्रसाविकेची नाही, नर्सिंगची आहे, हे आधीच सांगायला हवं. भारतात केवळ टपालाने किंवा ऑनलाइन शिकून प्रसाविका होता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

या अभ्यासक्रमाची बांधणी पाहिली की दूरशिक्षणाविषयीचे निम्मे गैरसमज जातात. पुस्तिका घरी येतात, स्वाध्याय लिहून अभ्यासकेंद्रावर द्यायचे, सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. अभ्यासकेंद्र म्हणजे एखादं नर्सिंग कॉलेज. तिथली संपर्कसत्रं आणि प्रात्यक्षिकं चुकवून चालत नाही. वाचायचं घरी, करायचं वॉर्डात, दाखवायचं शिक्षिकेसमोर, असा तिहेरी फेरा असतो. नाइट करून आलेली सिस्टर दुपारी दोन तास झोपते, मुलांना शाळेतून आणते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता स्वाध्याय लिहिते. पुस्तिका इंग्रजी. ज्यांच्यासाठी शिकायचं त्या बाया मराठी, सिंधी, भोजपुरी, तेलुगू बोलणाऱ्या. पानावरचं वाक्य कळा देणाऱ्या बाईला कळेल अशा शब्दांत सांगायचं, ही परीक्षा कुठल्याच वेळापत्रकात नसते.

पुस्तिकेने नेमकं काय बदलतं, याचं एक उदाहरण म्हणजे पार्टोग्राफ. बाळंतपणाचा हा आलेख एका कागदावर मावतो. गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते फुलीने दाखवायचं, बाळाचं डोकं किती खाली आलं ते गोलाने. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने, मिनिटाला 110 ते 160च्या आत हवेत. कळा मोजायला यंत्र लागत नाही. हात पोटावर ठेवून घड्याळाकडे बघत दहा मिनिटं बसायचं. कळ वीस सेकंदांच्या आतली असेल तर चौकटीत ठिपके, वीस ते चाळीसमधली असेल तर तिरप्या रेघा, चाळीसच्या वरची असेल तर चौकट पूर्ण काळी. कागदावर दोन तिरक्या रेषा आधीच छापलेल्या असतात, सावधानतेची आणि कृतीची, चार तासांच्या अंतराने. फुल्या पहिली रेषा ओलांडून उजवीकडे सरकायला लागल्या की बाई अडतेय, हे सगळ्यांच्या आधी सिस्टरला कळतं. गाडी बोलवायची की थांबायचं, हे ठरवायला तेवढा वेळ हाताशी राहतो.

हा आलेख वर्षानुवर्षं अनेक ठिकाणी बाळंतपण उरकल्यावर फाइल पुरी करायला भरला जातो. सगळ्या फुल्या एकाच पेनाने, एकाच दमात. अभ्यास करणारी सिस्टर तो वेळच्या वेळी भरते, कारण त्यातलं उदाहरण तिला स्वाध्यायात सोडवायचं असतं. शास्त्रही एका जागी थांबत नाही. जुना आलेख चार सेंटिमीटरपासून सुरू व्हायचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली नवा तक्ता आणला, तो पाच सेंटिमीटरपासून सुरू होतो आणि त्यात ताशी एक सेंटिमीटरची सरधोपट रेषा नाही. काही बायांच्या गर्भपिशवीचं तोंड सावकाश उघडतं आणि तरी सगळं सुखरूप पार पडतं, हे अभ्यासांतून दिसल्यावर ती रेषा काढून टाकली. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या सिस्टरला हे कुणीतरी सांगायला हवं. त्यासाठी तिला वर्गात डांबायची गरज नाही.

पुस्तकाची हद्द कुठे संपते, तेही बाळंतपणाच्या टेबलापाशी दिसतं. बाळ बाहेर आलं की पोटात दुसरं नाही ना याची खात्री करून मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनची दहा युनिटं द्यायची. नाळ लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं. मग एका हाताने ओटीपोटावर उलटा दाब देत दुसऱ्या हाताने नाळ सावकाश ओढायची. वार पूर्ण आली का, तुकडा आत राहिला का, हे उजेडात धरून बघायचं. त्यानंतर पोटावर हात ठेवून गर्भपिशवी चाचपायची. ती चेंडूसारखी टणक लागली पाहिजे, मऊ लागली तर रक्त जाणार. हे सगळं चार ओळींत छापता येतं. पण ओढायचं ते किती, आणि मऊ म्हणजे किती मऊ, हे बोटांना कळावं लागतं. बाळाचा खांदा अडकला तर हातात काही मिनिटंच असतात, त्या वेळी पान आठवत बसून भागत नाही. म्हणूनच युरोपीय संघाच्या 2005च्या निर्देशात प्रसाविकेने शिक्षणकाळात साधारण 40 बाळंतपणं स्वतः करावीत, अशी अट आहे.

पुस्तक आणि हात, या दोन टोकांचा मेळ अमेरिकेतल्या केंटकीने घातला. मेरी ब्रेकिनरिज ही परिचारिका इंग्लंडमध्ये प्रसाविकेचं शिक्षण घेऊन परतली आणि 1925 साली तिने डोंगराळ भागात सेवा सुरू केली. तिच्या नर्सेस घोड्यावर बसून बाळंतपणाला जात. 1939 साली संस्थेने स्वतःची प्रसाविका शाळा काढली. 1989 साली त्या शाळेने दूरशिक्षण हाती घेतलं: नोंदणीकृत परिचारिकेने थोडे दिवस संस्थेत यायचं, उरलेला अभ्यास घरून, आणि बाळंतपणं आपल्याच गावात, अनुभवी मार्गदर्शक शेजारी उभी असताना. आजची फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी याच पायावर उभी आहे. शिकून झाल्यावर बाई गावातच राहते, कारण ती गाव सोडून गेलेलीच नसते.

आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर 2018मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. अनुभवी नोंदणीकृत परिचारिकांना 18 महिन्यांचं प्रशिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' तयार करायच्या आणि नॉर्मल बाळंतपणांचे कक्ष त्यांच्या हाती सोपवायचे, अशी ती योजना. तेलंगणाने त्याआधीच, 2017 साली, करीमनगरला सुरुवात केली होती. प्रशिक्षण चांगलं आहे, पण ते प्रशिक्षण संस्थेत राहून घ्यायचं. कोपरी-कल्याणची दोन मुलं असलेली, सासू-सासऱ्यांचं करणारी सिस्टर दीड वर्ष घर सोडून जाणं अवघड आहे. सिद्धान्त घरून आणि हाताचं काम जवळच्या मोठ्या रुग्णालयात, अशी केंटकीसारखी मिश्र रचना या प्रशिक्षणाला द्यायला ठाणे जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. लोकलच्या तासाभराच्या अंतरात महापालिकांची प्रसूतिगृहं आहेत आणि वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे.

या भागाचं बाळंतपणाच्या शास्त्राशी नातं जुनं आहे. आनंदीबाई जोशी कल्याणला 1865 साली जन्मल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं, आणि डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय तिथून सुरू झाला. 1886 साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. पुढे 1909 साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या मुली, विधवासुद्धा, ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकायला जाऊ लागल्या. त्या काळी सोवळ्यातल्या घरातून लेबर वॉर्डात जायचं हे केवढं अंतर होतं! आज ते अंतर उरलेलं नाही, अडचण आहे ती रजेची, ड्युटीची आणि पदाची.

राज्याच्या आकड्यांतही अंतर मिटलेलं आणि अडचण उरलेली दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली सुमारे 95 टक्के बाळंतपणं रुग्णालयांत होतात. 2018-20 या काळात राज्याचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे 33 होता, देशाचा 97. बाया रुग्णालयापर्यंत पोहोचल्या, मोठी लढाई जिंकली. पण त्याच पाहणीत दर चार बाळंतपणांमागे एक सिझर आहे. दहा टक्क्यांच्या पुढे सिझर वाढवून मातामृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2015 सालीच म्हटलं होतं. गरज असताना केलेलं सिझर जीव वाचवतं, त्याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो धीर धरून बाईजवळ बसायला कुणी नाही म्हणून होणाऱ्या सिझरचा. तिला चालायला लावणारी, कुशीवर वळवणारी, घोटभर पाणी पाजणारी, तिच्या आईला किंवा बहिणीला जवळ थांबू देणारी, आणि आलेखातली फुली रेषेपलीकडे गेली की त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारणारी बाई तिथे लागते. तिला पगार देऊन आपण लेबर रूममध्ये आधीच उभं केलेलं आहे.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे मागणं फार मोठं नाही. प्रसाविकेचं पद मंजूर करा. शिकणाऱ्या सिस्टरला प्रात्यक्षिकांसाठी पगारी रजा द्या. आणि लेबर रूममध्ये हात बसलेल्या सिस्टरची तिथून बदली करू नका. केंद्राच्या लेबर रूमविषयीच्या सूचनाही हेच सांगतात, आणि याला एक पैसाही लागत नाही. शिकू इच्छिणाऱ्या सिस्टरना एवढंच सांगणं: घरबसल्या प्रसाविका करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. फी भरण्याआधी अभ्यासक्रमाला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का आणि बाळंतपणं कुठल्या रुग्णालयात, कुणाच्या देखरेखीखाली करायला मिळणार, हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं, तर तो अभ्यासक्रम सोडून द्या.