दुसऱ्या खेपेचें बाळंतपण

लेक बाळंतपणाला माहेरीं आली म्हणजे घराचे दिवस कसे भराभर जातात, हें आमच्या वाचकभगिनींस आम्हीं सांगावें असें नाहीं. डिंक, अळीव, खारीक यांची बेगमी, जुन्या लुगड्यांचीं दुपटीं आणि पाळण्यांतल्या नांवाचा काथ्याकूट! यंदा आमच्याहि घरीं हा योग आला आहे. आमची धाकटी कन्या दुसऱ्या खेपेला आली आहे. पण या वेळीं आनंदाबरोबर एक मोठा प्रश्नहि उंबरठा ओलांडून आंत आला. तिचें पहिलें बाळंतपण चार वर्षांपूर्वीं सिझेरियन शस्त्रक्रियेनें झालें. मूल पायाळू होतें. आतां दुसऱ्या खेपेस बाळंतपण नैसर्गिक रीतीनें व्हावें, अशी तिची फार इच्छा आहे. तें होऊं शकेल काय? आणि होऊं द्यावें काय?

घरांत तात्काळ दोन पक्ष पडले. आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, "एकदां टांके पडले, आतां जिवाशीं खेळ नको." विहीणबाई त्याच्याहि पुढें गेल्या. त्यांनीं ज्योतिष्यांकडून दिवस व वेळ काढून पाठविली. शस्त्रक्रिया करावयाचीच, तर ती शुभ नक्षत्रावर कां न करावी, असा त्यांचा सरळ हिशेब. आम्हीं मुलीची बाजू घेतली खरी. परंतु ती चुकीच्या कारणानें घेतली, हें येथें कबूल केलें पाहिजे. आमच्या मातोश्री सात वेळां घरींच बाळंत झाल्या, पूर्वींच्या बायकांना असलीं थेरें ठाऊक नव्हतीं, अशा थाटाचें एक व्याख्यानच आम्हीं दिलें. जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाची ती खोडच असते.

मुलीनें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "अण्णा, मोठ्या आत्याबाई त्याच काळांतल्या ना?"

आम्ही निरुत्तर झालों. आमची ती आत्या तीन दिवस कळा देऊन बाळंतपणांतच गेली. तिच्या नांवानें आमच्या घरीं दर भाद्रपदांत अविधवा नवमीला सवाष्ण जेवते. जुन्या काळाचें गुणगान करतांना जीं गेलीं त्यांचा विसर पडतो, तो असा.

तेव्हां व्याख्यान बाजूस ठेवून आम्हीं विद्यार्थ्याची भूमिका पत्करली. मुलगी वैद्यकीय मार्गदर्शिका वाचून दाखवी, अडलेल्या शब्दाचा अर्थ आम्ही कोशांत पाहूं. या अभ्यासांतून जें हातीं लागलें, तें अशाच प्रश्नापुढें उभ्या असलेल्या घरांना उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

उदर विदारून मूल बाहेर काढण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. सुश्रुतसंहितेंत मूढगर्भाच्या प्रकरणीं, माता अकस्मात् मृत झाली व उदरांत गर्भाचें स्पंदन दिसत असलें, तर वैद्यानें त्यास तत्काळ बाहेर काढावें, असें सांगितलें आहे. रोमन लोकांतहि असाच नियम होता. ज्यूलियस सीझर या रीतीनें जन्मला ही कथा मात्र खरी दिसत नाहीं. कारण त्याची माता ऑरेलिया त्याच्या जन्मानंतर पुष्कळ वर्षें जिवंत होती, आणि त्या काळीं ही क्रिया मृत किंवा मरणोन्मुख स्त्रीवरच होत असे. जिवंत मातेला वाचविण्याची खरी आशा १८८२ सालीं जर्मनींतील माक्स झेंगर यांनीं गर्भाशयाला काळजीपूर्वक टांके घालण्याची पद्धत मांडली, तेव्हांपासून उत्पन्न झाली. त्यापूर्वीं बहुधा गर्भाशय न शिवतां तसाच सोडीत. १८७६ मध्यें इटलींतील पोरो यांनीं तर रक्तस्राव थांबविण्यासाठीं तो काढूनच टाकण्याचा मार्ग धरला होता.

आमच्या सौभाग्यवतींचें वाक्य कोठून आलें, याचाहि शोध लागला. एकदां सिझेरियन झालें कीं पुढें सदैव सिझेरियनच, हें सूत्र न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रॅगिन यांनीं १९१६ सालीं उच्चारलें. पण त्यांचा रोख मातांकडे नव्हता, डॉक्टरांकडे होता. पहिली शस्त्रक्रिया हलक्या मनानें करूं नका, कारण तिचें ओझें त्या स्त्रीच्या पुढच्या सर्व बाळंतपणांवर पडतें, असा तो इशारा होता. आणि या नियमाला अपवाद असतात, हें त्यांनींच सांगून ठेवलें होतें. सूत्र तेवढें शिल्लक राहिलें आणि त्याचा संदर्भ गळाला. संस्कृत सुभाषितांचेंहि पुष्कळदां असेंच होतें.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. क्रॅगिन यांच्या काळीं गर्भाशयावरील छेद वरच्या भागावर उभा घेत. हा वरचा भाग जाड स्नायूंचा. कळा येतात तेव्हां तोच जोरानें आकुंचन पावतो. तेथें जुना व्रण असला, तर प्रत्येक कळेबरोबर त्यावर ताण पडतो व तो उसवण्याचें भय मोठें. खालचा भाग पातळ असतो. तो आकुंचन फारसें पावत नाहीं, ताणला जातो. या खालच्या भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत ग्लासगोचे मन्रो कर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत पुढें आणली आणि पुढें ती सर्वत्र रूढ झाली. हा व्रण अधिक बळकट भरतो. शंभर वर्षांपूर्वींचा नियम एका प्रकारच्या टांक्यासाठीं होता. आपल्या लेकीसुनांना पडलेला टांका बहुधा दुसऱ्या प्रकारचा आहे.

"बहुधा" हा शब्द आम्हीं मुद्दाम योजला. पोटाच्या कातडीवरचा व्रण आडवा दिसला, म्हणून आंतला गर्भाशयावरचा छेदहि आडवाच असेल, असें समजतां येत नाहीं. तो कळतो केवळ त्या वेळच्या कागदावरून. आमच्या घरीं एवढा वाद झाला, पण त्या कागदाची आठवण कोणासहि झाली नव्हती. अखेर एका रविवारीं लोखंडी ट्रंकेंतील विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यांत चार वर्षांपूर्वींचें डिस्चार्ज कार्ड सांपडलें. त्यावर "एल. एस. सी. एस." अशीं चार अक्षरें होतीं, अर्थ, गर्भाशयाच्या खालच्या भागावरील सिझेरियन. आणि कारण लिहिलें होतें, मूल पायाळू. आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्या मळकट कागदावर होतें! पायाळूपणा ही त्या एका मुलाची स्थिति. ती दुसऱ्या खेपेस येईलच असें नाहीं. अशा तात्पुरत्या कारणासाठीं शस्त्रक्रिया झाली असेल, तर पुढील बाळंतपण सुखरूप होण्याचा संभव अधिक असतो. प्रसूति मध्येंच अडून शस्त्रक्रिया करावी लागली असेल, तर तो त्या मानानें कमी.

आतां आंकडे. ब्रिटनमधील प्रसूतिवैद्यांच्या रॉयल कॉलेजनें २०१५ सालीं काढलेल्या मार्गदर्शिकेप्रमाणें, एका सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकीं ७२ ते ७५ जणींस यश येतें. जिचें पूर्वीं एखादें बाळंतपण नैसर्गिक झालें असेल, तिच्या बाबतींत हें प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जातें. धोका आहे तो जुना व्रण उसवण्याचा. तो सुमारें २०० प्रयत्नांत एकदां घडतो. कळा आपोआप न येतां औषधांनीं आणल्या, तर तो दुपटी-तिपटीनें वाढतो. कळा सुरू होण्यापूर्वीं ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेंत तो जवळजवळ नसतोच.

दोनशेंत एक हा आंकडा लहान कीं मोठा? परीक्षेच्या निकालांत तो नगण्य वाटला असता. आपल्या मुलीच्या बाबतींत तो रात्रीं झोंप येऊं देत नाहीं. परंतु तराजूचें दुसरें पारडेंहि पाहिलें पाहिजे. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बालकाला पहिल्या दिवसांत श्वासाचा त्रास होण्याचें प्रमाण शेंकडा ४-५ असतें, नैसर्गिक प्रसूतीच्या प्रयत्नांत तें शेंकडा २-३. शिवाय प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक पुढच्या खेपेस वार जुन्या व्रणांत रुतून बसण्याचें भय वाढत जातें. ज्यांची वार गर्भाशयाच्या मुखावर आलेली असते अशा स्त्रियांत, दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं शेंकडा सुमारें ११ जणींत व तिसऱ्या वेळीं सुमारें ४० जणींत ती अशी रुतलेली आढळली आहे. तेव्हां प्रसंगीं गर्भाशयच काढावा लागतो. दोन्ही वाटांवर कांटे आहेत; कोणती वाट कोणासाठीं, एवढाच प्रश्न.

या बाबतींत लोकमताचा लंबक कसा हलतो, हें अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसतें. १९८० सालीं तेथील तज्ज्ञांच्या परिषदेनें असा प्रयत्न योग्य स्त्रियांना करूं द्यावा असें सांगितलें, आणि १९९६ पर्यंत पूर्वीं सिझेरियन झालेल्या शेंकडा २८ स्त्रिया नैसर्गिक रीतीनें बाळंत होऊं लागल्या. पुढें व्रण उसवल्याच्या घटना गाजल्या, नियम कडक झाले, आणि २००६ सालीं हें प्रमाण शेंकडा ९ च्याहि खालीं आलें. २०१० मध्यें पुन्हां परिषद भरून, पुष्कळ स्त्रियांसाठीं हा प्रयत्न वाजवी आहे असा निर्वाळा देण्यांत आला. आपल्या देशांत २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शेंकडा २१ हून अधिक बाळंतपणें सिझेरियननें झाल्याचें आढळलें. सरकारी रुग्णालयांत शेंकडा सुमारें १४, तर खासगींत ४७. म्हणजे आमच्या घरचा प्रश्न आतां हजारों घरांचा प्रश्न आहे.

हा प्रयत्न कोणीं करूं नये, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. जिच्या गर्भाशयावर वरच्या भागाचा उभा छेद आहे, जिचा व्रण पूर्वीं एकदां उसवला आहे, किंवा जिची वार मुखावर आली आहे, तिनें या वाटेस जाऊं नये. दोन बाळंतपणांत अंतर फार थोडें असलें, तरीहि धोका वाढतो. आणि प्रयत्न कोठें करावा, हा तर कळीचा मुद्दा. व्रण उसवूं लागला तर बहुधा पहिली खूण बालकाच्या हृदयाच्या ठोक्यांत दिसते. म्हणून कळा सुरू झाल्यापासून ठोक्यांवर सतत लक्ष हवें. दोन कळांच्या मध्येंहि न थांबणारी वेदना, रक्तस्राव, कळा एकाएकीं बंद पडणें, याहि खुणा आहेत. मग तात्काळ शस्त्रक्रिया करावी लागते. तेथें वाहन शोधावयास वेळ नसतो.

आमच्या तालुक्याच्या गांवच्या डॉक्टरांनीं "आमच्याकडे हें जमणार नाहीं, ठरवून शस्त्रक्रियाच करूं" असें सांगितलें, तेव्हां आम्हांस राग आला होता. पुढें शांतपणें बोलणें झालें, तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, रात्रीं दोन वाजतां मला भूलतज्ज्ञ चाळीस किलोमीटरांवरून बोलवावा लागतो, आणि रक्तहि तेथूनच आणावें लागतें." त्यांच्या नकारांत लोभ नव्हता, प्रामाणिकपणा होता. त्यांनींच चिठ्ठी दिली व पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयांत आमची सोय झाली. तेथील ज्येष्ठ डॉक्टरीणबाईंनीं प्रथम जुना कागद मागितला. मूल या वेळीं डोक्याकडून आहे, वार वर आहे. त्यांचा बेत साधा आहे: कळा आपोआप येण्याची वाट पाहावयाची, येतांच दाखल व्हावयाचें, ठोक्यांवर अखंड लक्ष ठेवावयाचें, आणि शस्त्रक्रियागृह तयार ठेवावयाचें. तारीख उलटली तर पुन्हां बसून विचार. त्यांनीं यशाचें वचन दिलें नाहीं, म्हणूनच आमचा त्यांच्यावर विश्वास बसला.

अशा घरांनीं डॉक्टरांस चार गोष्टी अवश्य विचाराव्या. आंतला छेद कोणता होता? पहिली शस्त्रक्रिया कशासाठीं झाली? येथें अहोरात्र भूलतज्ज्ञ, रक्त आणि बालरोगतज्ज्ञ आहेत काय? कळा आपोआप न आल्या तर पुढें काय? या प्रश्नांनीं कोणा चांगल्या डॉक्टरांचा अपमान होत नाहीं.

आणि विहीणबाईंच्या मुहूर्ताविषयीं. ज्योतिषाचा आम्ही अनादर करीत नाहीं. पण जन्मवेळेवरून पत्रिका मांडावयाची असते, पत्रिकेवरून जन्मवेळ नव्हे. ३९ आठवडे पुरे होण्याआधीं केवळ नक्षत्रासाठीं मूल बाहेर काढणें म्हणजे त्याच्या कोंवळ्या फुप्फुसांवर आपली हौस लादणें होय. हें आम्हीं विहीणबाईंना पत्रानें नम्रपणें कळविलें. त्यांचें उत्तर एका ओळीचें आलें: मुलीचें व बाळाचें क्षेम असो, बाकी कांहीं नको.

परवां रात्रीं मुलगी आम्हांस म्हणाली, "अण्णा, शेवटीं पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, तर घरांत कुणी 'नाहीं जमलं बिचारीला' असं म्हणायचं नाहीं. तेवढं वचन द्या." आम्हीं तें दिलें. आमच्या त्या व्याख्यानाचें ओझें ती इतके दिवस मनांत वागवीत होती, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. बाळंतपण ही काय परीक्षा आहे, कीं तींत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवावें? आणि ज्या शस्त्रक्रियेनें आमच्या आत्याचे प्राण कदाचित् वांचले असते, तिला हार तरी कसें म्हणावें?

हा अंक वाचकांच्या हातीं पडेल, तोंवर आमच्या घरचा निकाल लागलेला असेल. तो कोणत्याहि वाटेनें लागो, मायलेकरें सुखरूप असोत, एवढीच प्रार्थना. काल सौभाग्यवतींनीं पुण्यास न्यावयाची पिशवी भरली. दुपटीं, टोपडीं, बाळंतविडा आणि सर्वांत वर, प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेलें तें जुनें डिस्चार्ज कार्ड.