जुन्या चाळी, नवीं घरें

मुंबईंतील कामकरी वर्गास निवारा मिळावा म्हणून बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हें खातें १९२० सालीं, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, निघालें. त्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी उभारिल्या. खोली अवघी १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाइक. अशा एकेका खोलींत पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले.

शिवडीखेरीज बाकीच्या चाळींचा पुनर्विकास म्हाडा या सरकारी संस्थेकडे सोंपविला आहे. पात्र भाडेकरूस ५०० चौरस फुटांचें घर विनामूल्य व मालकीहक्कानें मिळावयाचें. पैसा कोठून येतो? रहिवाशांस उंच इमारतींत नेल्यानें जमीन मोकळी होते. तीवर विक्रीचीं घरें बांधून खर्च भागवावयाचा. वरळीस पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्यें दिल्या गेल्या.

परंतु घर मिळणें निराळें व तें राखणें निराळें. लिफ्ट, पंप, दिवे यांचा खर्च दरमहा येणारच. तो न झेपल्यास तेंच घर विकून दूर जाण्याची पाळी येईल. शिवाय चाळींत एकाचें दुखणें सर्वांस कळे. मिटलेल्या दारांआड तें शेजारपण राखणें हें कोणत्याही खात्याचें काम नव्हे. तें राहणारांचेंच होय.