अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि ‘वाजवी निर्बंध’ : मर्यादा ठरते कशी?

मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकावर तत्कालीन मद्रास सरकारने प्रवेशबंदी घातली, तेव्हा संपादक रोमेश थापर यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच सुमारास दिल्लीतील ‘ऑर्गनायझर’ला मजकूर छापण्यापूर्वी तपासून घेण्याचा आदेश बजावण्यात आला होता. एक नियतकालिक डाव्या विचारांचे, दुसरे उजव्या. २६ मे १९५० रोजी न्यायालयाने दोघांच्याही बाजूने निकाल दिला.

कारण सरळ होते. अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि १९(२) त्यावरील निर्बंधांची कारणे सांगतो. त्या कारणांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ तेव्हा नव्हतीच. पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने ती आली. सोबत परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि अपराधास चिथावणी ही कारणेही आली. मात्र त्याच दुरुस्तीने निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, अशी अटही घातली. सरकारचे हात मोकळे करणाऱ्या दुरुस्तीनेच न्यायालयाच्या हाती मोजपट्टी दिली, याची आठवण क्वचितच काढली जाते.

१९६३ मध्ये सार्वभौमता व एकात्मता यांची भर पडली. राज्याची सुरक्षितता, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान आणि अब्रुनुकसानी धरून आज एकूण आठ कारणे आहेत. ‘भावना दुखावणे’ हे स्वतंत्र कारण या यादीत नाही. धार्मिक भावनांच्या अवमानाविषयीचे भारतीय दंड संहितेचे कलम २९५-अ १९५७ मध्ये वैध ठरले, ते हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने केलेल्या कृत्यांपुरते आणि सार्वजनिक सुव्यवस्थेशी असलेल्या नात्यामुळे.

हे नाते किती जवळचे हवे, हा खरा प्रश्न. डॉ. राममनोहर लोहिया यांनी कालव्याची वाढीव पाणीपट्टी भरू नका, असे शेतकऱ्यांना आवाहन केले म्हणून त्यांना अटक झाली होती. अशा आवाहनाला गुन्हा ठरवणारी तरतूद १९६० मध्ये रद्द करताना न्यायालयाने म्हटले की, शब्द आणि अव्यवस्था यांतील संबंध निकटचा असावा; दूरान्वयाने जोडलेला चालणार नाही. १९८९ च्या रंगराजन खटल्यात आणखी एक पाऊल पुढे टाकले गेले. एका तमिळ चित्रपटाविरुद्ध निदर्शनांच्या धमक्या येत होत्या. धमकी देणाऱ्यांना आवरणे हे सरकारचे कर्तव्य आहे, त्यासाठी बोलणाऱ्याला गप्प करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ याच कसोटीवर टिकले नाही. २०१२ मध्ये पालघरमध्ये फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि त्यानंतर श्रेया सिंघल यांनी याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी कलम रद्द झाले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्यांपैकी कायद्याचा हात तिसरीलाच लागू शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही रद्द झालेल्या या कलमाखाली अनेक वर्षे गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले. निकाल दिल्लीत लागतो, पण पहिली नोंद पोलीस ठाण्यात होते, आणि सामान्य माणसाची गाठ ठाण्याशीच पडते.

म्हणूनच २८ मार्च २०२५ चा इम्रान प्रतापगढी प्रकरणातील निकाल व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. एका कवितेवरून गुजरातमध्ये नोंदवलेला गुन्हा रद्द करताना न्यायालयाने सांगितले की, शब्दांचा परिणाम खंबीर, विवेकी माणसाच्या निकषावर जोखावा, असुरक्षिततेने ग्रासलेल्याच्या नव्हे. अशा प्रकरणांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करणे उचित ठरेल, असेही न्यायालय म्हणाले. त्यासाठी उपअधीक्षकांची पूर्वपरवानगी लागते आणि मुदत १४ दिवसांची आहे.

ही सोय तीन वर्षे वा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे. राजद्रोहाच्या कलमाचा वापर २०२२ पासून स्थगित आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी कलम १५२ आले. त्यात जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असल्याने ते या चौकशीच्या कक्षेबाहेर राहते.