कशेडी घाट : इंधनबचत आणि सुरक्षित अंतर
कशेडी बोगद्यातून २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाली. तथापि पोलादपूर-खेड दरम्यानच्या जुन्या घाटाने रूढ केलेली, उतारावर गाडी ‘न्यूट्रल’ करून डिझेल वाचविण्याची समजूत तपासणे आवश्यक आहे. आधुनिक इंजिनात ही काटकसर उलटीच ठरते. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरील पाय काढल्यास चाकेच इंजिन फिरवितात व इंधनाचा फवारा थांबतो. न्यूट्रलमध्ये इंधन जळतच राहते. शिवाय इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो. ते तापून निकामी होतात.

ताशी ४० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला ११ मीटर धावते. त्यामुळे पुढील वाहनापासून किमान दोन सेकंदांचे, म्हणजे २२ मीटर अंतर हवे. कोकणच्या पावसात दुप्पट. असे अंतर राखणाऱ्या चालकास वारंवार ब्रेक दाबून पुन्हा वेग घेण्यासाठी इंधन खर्चावे लागत नाही.