दोन समुद्रांचा पाट

दक्षिण फ्रान्समधला 'कानाल द्यू मिदी' पाहायला आलेली मंडळी बहुधा तूलूझला किंवा कार्कासॉनला उतरतात, बोट भाड्याने घेतात आणि चिनाराच्या भाईबंद झाडांच्या सावलीतून संथपणे निघतात. मजा येते, यात वाद नाही. पण मला विचाराल तर बोटीतून दिसतो तो या यंत्राचा फक्त दर्शनी भाग. कालव्यात पाणी येतं कुठून, हे पाहायचं असेल तर रेव्हेल या गावी जावं आणि बोटीऐवजी पायांत मजबूत बूट घालावेत.

रेव्हेल हे काळ्या डोंगराच्या पायथ्याचं बाजारगाव. 'माँताञ न्वार' या नावाचा अर्थच काळा डोंगर. १३४२ मध्ये सहाव्या फिलिप राजाच्या सनदेने हे गाव आखून वसवलं गेलं. काटकोनात छेदणारे रस्ते, मध्ये चौक, चौकाच्या चारी बाजूंना कमानदार ओसऱ्या. चौकाच्या मधोमध बाजाराची भलीमोठी ओटी आहे. ओकच्या ७९ खांबांवर तोललेलं कौलारू छप्पर आणि त्यातूनच वर निघालेला घंटामनोरा. जवळून पाहिलं तर खांबांना जागोजाग भेगा आहेत, कडा माणसांच्या पाठी घासून गोल झाल्यात. दर शनिवारी इथे बाजार भरतो. लोत्रेकचा गुलाबी लसूण वेणीसारखा गुंफून टांगलेला असतो, शेजारी बदकाचं मांस आणि कासुले नावाच्या पदार्थासाठी लागणारे पांढऱ्या घेवड्याचे दाणे. इमारत पाहायला तिकीट नाही. तिच्याखाली भाजी विकली जाते, आणि जुन्या वास्तूचा मान राखायची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

याच गावात काही वर्षं प्येर-पॉल रिके नावाचा गृहस्थ राहत होता. तो इंजिनिअर नव्हता. मिठावरचा कर गोळा करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. त्या करावर लोक जळत असत, त्यामुळे रिकेवर गावाची माया असण्याचं काही कारण नव्हतं. अटलांटिक आणि भूमध्य समुद्र कालव्याने जोडायचे, म्हणजे जहाजांना स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमार्गे जावं लागणार नाही, ही कल्पना त्याच्या आधीही अनेकांना सुचली होती. ती अडत होती एकाच ठिकाणी. दोन समुद्रांच्या मधला उंबरठा म्हणजे नोरूजची खिंड, समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर. तिथून कालवा दोन्हीकडे उतरणार आणि बोट चढवण्या-उतरवण्यासाठी प्रत्येक जलपाशातून पाणी खाली सोडावं लागणार. मग माथ्यावर सतत पाणी हवं. ते माथ्यावर कुठून आणणार?

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वाढलेल्याला हा प्रश्न लगेच कळतो. डोंगराच्या आढ्याच्या एका बाजूचं पाणी कोकणात, दुसऱ्या बाजूचं कृष्णेत. पण आढ्यावरच बारमाही तळं राखायचं म्हटलं तर?

उत्तर काळ्या डोंगरात होतं आणि ते ठाऊक असलेला माणूस रेव्हेलमध्येच होता. प्येर कांमास हा गावच्या पाण्याची व्यवस्था बघणारा. आपल्याकडे त्याला पाटकरी म्हटलं असतं. डोंगरातला कुठला ओढा किती वाहतो, कुठून वळवला तर कुठवर येईल, याचा हिशेब त्याच्या डोक्यात होता. डोंगराच्या कुशीतले ओढे एका पाटात गोळा करायचे आणि तो पाट उताराच्या कलाने नोरूजपर्यंत न्यायचा, अशी योजना ठरली. नोव्हेंबर १६६२ मध्ये रिकेने मंत्री कोल्बेरला पत्र लिहिलं. राजाचे तज्ज्ञ लगेच विश्वास ठेवणारे नव्हते, म्हणून १६६५ मध्ये आधी एक चाचणीचा पाट खणून पाणी खरंच नोरूजला पोचतं हे दाखवावं लागलं. ऑक्टोबर १६६६ मध्ये चौदाव्या लुईचं फर्मान निघालं. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

चरित्रकार रिकेबद्दल भरभरून लिहितात. कांमासच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. पाटाच्या काठाने चालताना मात्र मनात कांमासच येत राहतो.

नकाशात 'सपाटीचा पाट' म्हणून दाखवलेला हा ओहोळ सोर नदीवरच्या पाँ-क्रुझेपासून निघतो आणि सुमारे ३८ किलोमीटर वळणं घेत नोरूजला पोचतो. सरळ अंतर त्याहून कितीतरी कमी. पण पाण्याला सरळ जाऊन चालत नाही, त्याला एका उंचीला धरून टेकड्यांच्या कडेकडेने जावं लागतं. पाट अरुंद आहे. पाणी वाहतंय की थांबलंय हे पहिल्या नजरेला कळत नाही. एखादं वाळकं पान पाहत उभं राहिलं की दिसतं, ते सरकतंय, पण आपल्या चालण्यापेक्षाही हळू. काठाने पायवाट आहे, सायकलही जाते. एका हाताला गव्हाची नाहीतर सूर्यफुलांची शेतं, दुसऱ्या हाताला पाणी, डोक्यावर झाडं. झाडांवर अधूनमधून लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण दिसते. ती दूर पल्ल्याच्या पायवाटांची. त्यातली सात क्रमांकाची वाट फ्रान्सच्या जलविभाजकाला धरून जाते, म्हणजे तुम्ही अक्षरशः देशाच्या आढ्यावरून चालत असता.

पाट झाला, पण उन्हाळ्यात ओढे आटतात. म्हणून रेव्हेलच्या वरच्या अंगाला लोदो ओढ्यावर सँ-फेरेओलचं धरण बांधलं गेलं. काम १६६७ मध्ये सुरू झालं, १६७२ मध्ये संपलं. एकमेकींना समांतर अशा तीन दगडी भिंती आणि त्यांच्या मध्ये माती-दगडाची भर. लांबी ७८० मीटरच्या वर, उंची तीसेक मीटर. ही सगळी भर टोपल्यांनी वाहिली गेली आणि टोपल्या वाहणाऱ्यांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या. रिके महिन्याच्या महिन्याला पगार देई, पावसाचे नि सणाचे दिवसही कापत नसे. मिठाच्या कराचा मक्तेदार आणि त्याचा हा उदारपणा, दोन्ही एकाच माणसाचे. धरणात साठतं सुमारे ६३ लाख घनमीटर पाणी, म्हणजे आपल्या वर्तमानपत्री भाषेत पाव टीएमसीहून थोडं कमीच. खडकवासल्याच्या जेमतेम दोन टीएमसीपुढेही ते किरकोळ वाटतं. पण साडेतीनशे वर्षं ते रोजच्या कामाला लागलेलं आहे.

आज उन्हाळ्यात इथे चक्क समुद्रकिनारा असतो. वाळू, पोहणारी पोरं, शिडाच्या होड्या, तळ्याला वळसा घालणारी पायवाट. वाळूत पसरलेल्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की आपण एका कालव्याच्या टाकीत डुंबतोय? धरणाच्या पायथ्याशी पाइनची बाग आहे आणि वरच्या पाण्याच्या नुसत्या दाबावर उडणारं सुमारे २० मीटर उंचीचं कारंजं. पंप नाही. भिंतीच्या पोटातून नळांपर्यंत बोगदे जातात. त्यांतल्या एकाचं नाव 'नरकाची कमान'. जिथे तळातून पाणी सोडायचं काम असे, तिथला आवाज ऐकूनच हे नाव पडलं असावं, असा माझा आपला अंदाज.

रिके १ ऑक्टोबर १६८० रोजी वारला, कर्जात बुडून. कालवा वाहतुकीला खुला झाला तो पुढच्या वर्षी मे महिन्यात. त्याच्या वारसांच्या हाती नफा यायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. नंतर दुर्गबांधणीसाठी नावाजलेला वोबाँ पाहणीला आला आणि त्याने व्यवस्थेतली एक फट बुजवली. ले कामाझ इथे डोंगरातून सुमारे १२० मीटरचा बोगदा काढून डोंगरातले ओढे गोळा करणाऱ्या वरच्या पाटाचं, म्हणजे डोंगरपाटाचं, पाणी थेट सँ-फेरेओलच्या पाणलोटात वळवलं. त्या बोगद्याचं दगडी तोंड झाडीत अचानक समोर येतं, एखाद्या किल्ल्याच्या चोरदरवाजासारखं.

आसपास आणखी पाहण्याजोगं आहे. सोरेझचा जुना मठ आणि त्यातली पूर्वीची शाळा, जिला सोळाव्या लुईच्या काळात राजेशाही सैनिकी शाळेचा दर्जा मिळाला. आणि दुर्फोर हे तांबटांचं खेडं. गल्लीतून वाहणारं पाणी, पाण्यावर चालणारा जुना घण आणि दारोदारी टांगलेली तांब्याची भांडी. पुण्याच्या तांबट आळीत लहानपणी ठोक्यांचा आवाज ऐकलेल्याने इथे पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. खुद्द रेव्हेलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोरीव फर्निचरचा धंदा रुजला, त्याचं संग्रहालयही आहे. फर्निचर मला फार सोनेरी वाटलं.

नोरूजला पाट संपतो. इथे रिकेने अष्टकोनी तळं बांधलं होतं, भोवती गाव वसवायचं स्वप्न होतं. तळं गाळाने भरलं, गाव वसलंच नाही. आता त्या जागी गवत आहे आणि मधोमध प्लेन वृक्षांची, म्हणजे त्याच चिनाराच्या भाईबंदांची, सरळ ओळ. कालव्याकाठच्या हजारो प्लेन वृक्षांना २००६ पासून एका बुरशीने गाठलं आणि त्यांतले कितीतरी तोडावे लागले. शेजारच्या खडकांवर रिकेच्या वंशजांनी १८२० च्या दशकात उभारलेला स्मारकस्तंभ आहे. याच जागेशी १८१४ च्या युद्धविरामाची आठवणही जोडलेली आहे. एका बाजूला फ्रेंच सेनापती सूल्त, दुसऱ्या बाजूला वेलिंग्टन. तोच आर्थर वेलस्ली, जो १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला होता.

पाण्याची वाटणी मात्र अगदी साधी दिसते. पाटातून आलेलं पाणी कालव्याला मिळतं आणि दोन्हीकडे निघतं. पश्चिमेचं गारोन नदीमार्गे अटलांटिकला, पूर्वेचं भूमध्याला. तिथे ना धबधबा, ना खळखळाट. एखादा सायकलस्वार थांबतो, फलक वाचतो, पाण्याकडे पाहतो, पुन्हा फलक वाचतो.

रेव्हेलला परत जाताना चढ लागतो, पण तो पायांना कळत नाही. पाण्याला कळेल एवढाच तो ठेवलेला आहे. ओताँ नावाचा आग्नेयेचा वारा सुटला असेल तर मात्र कळतं. या भागात म्हणतात की त्या वाऱ्याने माणसं वेडी होतात. पाट वळतो तसा तो दर वळणाला नव्या बाजूने अंगावर येतो आणि ३८ किलोमीटर काही केल्या संपत नाहीत.