निळ्या किरणाची तबकडी : मिळते काय, जाते काय?

बारा सेंटिमीटर व्यासाची आणि जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची एक चकती. तिच्यावर आतून बाहेर गोल गोल फिरत जाणारी एकच अखंड वाट असते. ही वाट सरळ उलगडली तर तिची लांबी सुमारे २७ किलोमीटर भरेल. म्हणजे दादर ते ठाणे या रेल्वेच्या अंतराहूनही थोडी जास्त! शेजारच्या दोन वेढ्यांमधील अंतर अवघे ०.३२ मायक्रोमीटर असते. डोक्यावरचा एक केस या वेढ्यांवर ठेवला, तर त्याच्या जाडीत दोनशेहून अधिक वेढे झाकले जातील. ही आहे २००६ साली चित्रपटांसाठी बाजारात आलेली ब्लू-रे तबकडी.

विद्यार्थिमित्रहो, चित्रपट इंटरनेटवरून घरबसल्या दिसत असताना अशी तबकडी आणून पाहण्यात काही फायदा आहे का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधारे त्याचा हिशेब मात्र मांडता येतो. चला, मांडून पाहू.

ठिपका लहान, साठा मोठा

तबकडीच्या वाटेवर अतिसूक्ष्म खळगे असतात. लेसर किरण भिंगातून एकत्र होऊन त्यांच्यावर पडतो आणि परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतारांवरून यंत्र माहिती वाचते. खळगे जितके लहान, तितकी माहिती जास्त मावणार. मग ते हवे तितके लहान का करता येत नाहीत? कारण प्रकाश हा तरंग आहे. कितीही उत्तम भिंग घेतले तरी विवर्तनामुळे प्रकाश एका बिंदूत एकवटत नाही. त्याचा एक ठिपकाच पडतो. तरंगलांबी जितकी कमी आणि भिंग जितक्या रुंद कोनातून किरण एकत्र आणील, तितका हा ठिपका लहान होतो.

हा कोन दाखवणारा एक अंक असतो. डीव्हीडीसाठी तो ०.६० आहे आणि तिचा लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा आहे. ब्लू-रेसाठी हा अंक ०.८५, तर तिचा निळसर-जांभळा लेसर ४०५ नॅनोमीटरचा. तरंगलांबीला या अंकाच्या दुपटीने भागले, की ठिपक्याचे अंदाजे माप मिळते. डीव्हीडीसाठी ते सुमारे ५४२ नॅनोमीटर येते आणि ब्लू-रेसाठी २३८. या दोन मापांच्या गुणोत्तराचा वर्ग करा. उत्तर येते सुमारे ५.२. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट माहिती मावते. तिला ५.२ ने गुणा : सुमारे २४.४! ब्लू-रेच्या एका थराची प्रत्यक्ष क्षमता आहे २५ गिगाबाइट. आहे की नाही गंमत? दोन थरांच्या तबकडीत अर्थातच ५० गिगाबाइट मावतात.

जमेची बाजू

एवढी जागा कशाला लागते, ते पाहा. ब्लू-रेच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख चित्रबिंदू असतात. आपल्याकडच्या डीव्हीडीत ते ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४.१ लाख. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २४ चित्रे धरली, तर ब्लू-रेच्या दोन तासांच्या चित्रपटाला हजाराहून अधिक गिगाबाइट लागतील. म्हणून माहितीचे संकोचन करावेच लागते. एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदलत नाही ते पुन्हा लिहायचे नाही, आणि डोळ्याला जे सहसा जाणवत नाही ते गाळायचे.

प्रश्न एवढाच, की किती गाळायचे? ब्लू-रे तबकडी चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती देऊ शकते. तेवढ्याच बिंदूंचे चित्र इंटरनेटवरून येते तेव्हा पुष्कळदा सेकंदाला पाचएक मेगाबिटांवरच भागवले जाते. म्हणून पाऊस, धूर किंवा काळोखातील दृश्ये आली, की पडद्यावर चौकोनी ठिगळे किंवा रंगांचे पट्टे दिसू लागतात. तबकडीवर हे फार कमी दिसते. शिवाय तिला इंटरनेट लागत नाही आणि कराराची मुदत संपली म्हणून चित्रपट अचानक नाहीसाही होत नाही.

खर्चाची बाजू

आता दुसरे पान उलटू. रुंद कोनाच्या भिंगाचा एक दोष असा, की तबकडी किंचित जरी कलली तरी ठिपका विस्कटतो. किरणाला जितक्या जाड प्लॅस्टिकमधून जावे लागेल, तितका हा दोष वाढतो. म्हणून ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर ठेवलेला असतो. जुन्या सीडीत तो १.२ मिलिमीटर खोल असे. याचा परिणाम काय होतो? सीडीच्या पृष्ठभागावर शिरताना किरणाची रुंदी सुमारे ०.७ मिलिमीटर असते. ब्लू-रेवर ती सुमारे ०.१३ मिलिमीटरच असते. समजा, ०.१ मिलिमीटरचा एक धूलिकण तिथे बसला. सीडीच्या किरणाचा तो जेमतेम दोन टक्के भाग अडवील. ब्लू-रेच्या किरणाचा मात्र निम्म्याहून अधिक! म्हणूनच जपानमध्ये २००३ साली आलेल्या या जातीच्या पहिल्या तबकड्या प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असत. पुढे पृष्ठभागावर कठीण लेप देण्याची युक्ती साधली आणि पेटी गेली.

म्हणजे ज्या उपायाने साठा वाढला, त्याच उपायाने तबकडी नाजूकही झाली. निसर्ग फुकट काही देत नाही, तो असा.

दुसरा खर्च आपल्या डोळ्यांचा. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाएवढ्या अंतरावरचे बिंदू वेगळे दिसतात. ८१ सेंटिमीटरच्या, म्हणजे ३२ इंची दूरचित्रवाणी संचाचा पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर ब्लू-रेचा एक बिंदू ०.३७ मिलिमीटरचा पडतो आणि तो वेगळा दिसण्यासाठी सुमारे १.३ मीटरहून जवळ बसावे लागते. डीव्हीडीचे बिंदू मात्र सुमारे ३.४ मीटरपलीकडून आपोआप एकजीव दिसतात. तेव्हा लहान पडदा आणि भिंतीला टेकून बसलेली मंडळी असतील, तर तीक्ष्णतेतला फरक फारसा कळणारच नाही. १४० सेंटिमीटरच्या संचावर, तीन मीटरवरून, तो सहज कळेल.

याखेरीज तबकडीसाठी निराळे यंत्र घ्यावे लागते. डीव्हीडीचे यंत्र तिला वाचू शकत नाही. जगाचे अ, ब, क असे तीन विभाग पाडलेले असून भारत तिसऱ्या विभागात येतो. त्यामुळे परदेशातून आणलेली तबकडी इथे चालेलच असे नाही. शिवाय हा व्यवसायही आकसत आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. यंत्रच मिळेनासे झाले, तर कपाटातली तबकडी काय कामाची?

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून?

तबकडी तपशील निर्माण करीत नाही, फक्त साठवते. जुन्या काळी व्हिडिओ फितीवर चित्रित झालेली मालिका ब्लू-रेवर घातली, तरी मुळात नसलेला बारकावा त्यात येणार नाही. ३५ मिलिमीटरच्या फितीवरील चित्रपटांचे तसे नाही. त्यांत डीव्हीडीला न पेलणारा तपशील असतो. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’सह अपू चित्रत्रयीच्या मूळ फिती १९९३ साली लंडनमधील आगीत होरपळल्या. त्यांतून जे वाचले ते आणि इतरत्र जपलेल्या प्रती यांवरून तंत्रज्ञांनी चित्रपट पुन्हा उभे केले, आणि २०१५ साली ते ब्लू-रेवर निघाले. अशा चित्रपटांसाठी प्रत्येक चित्रबिंदू मोलाचा आहे.

करून पाहा

एक सीडी, एक डीव्हीडी आणि मिळाल्यास एक ब्लू-रे तबकडी दिव्याखाली धरा. सीडी जवळजवळ कोणत्याही बाजूने इंद्रधनुष्य दाखवील. ब्लू-रे सरळ धरून पाहिली तर रंग दिसणार नाहीत. पुष्कळ तिरपी केल्यावरच निळा-जांभळा रंग डोकावेल. तिच्या वेढ्यांमधील अंतर दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कमी आहे, हे त्याचे कारण. मात्र तबकडीचे यंत्र उघडून लेसरकडे कधीही पाहू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्या. घरातल्या पडद्याची रुंदी मोजा, बसण्याचे अंतर मोजा आणि चित्रपट मुळात कशावर चित्रित झाला ते शोधा. एकदा पाहून विसरायच्या चित्रपटासाठी इंटरनेट पुरेसे आहे. जो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावा आणि धाकट्या भावंडांनाही दाखवावा असे वाटते, त्याच्यासाठी तबकडी घ्यायला हरकत नाही. फक्त तिला कडेने धरा, आणि पुसताना मऊ कापडाने मध्याकडून कडेकडे पुसा!