मुसलमानाने एकाच इमामाला मानणे बंधनकारक आहे काय?

भिवंडी, प्रतिनिधी - भिवंडीतील सर्व मशिदींत असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज एकाच वेळी होत नाही. शाफई मशिदींत ती लवकर होते, हनफी मशिदींत उशिरा. शाफई मतानुसार मध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की असरची वेळ सुरू होते. इमाम अबू हनिफा यांच्या प्रसिद्ध मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. कुराण एक, पैगंबर एक. मग नियम दोन कसे, आणि हनफी घरात जन्मलेल्याने आयुष्यभर हनफीच राहावे काय, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणे उभा राहतो.

सुन्नी मुसलमानांत चार विधिपंथ आहेत. त्यांना 'मजहब' म्हणतात. इमाम अबू हनिफा (निधन ७६७), इमाम मालिक (७९५), इमाम शाफई (८२०) आणि इमाम अहमद इब्न हंबल (८५५) यांच्या नावाने ते ओळखले जातात. शियांची विधिपरंपरा वेगळी आहे. चारही सुन्नी पंथ एकमेकांना ग्राह्य मानतात. मतभेद श्रद्धेचा नसून कुराण व हदीस यांवरून नियम कसा काढावा, याचा आहे.

समुद्रमार्गे शाफई, खुष्कीने हनफी

कोणाचा पंथ कोणता, हे बहुधा इतिहासाने ठरवले आहे. कोकण किनाऱ्याचा अरब व्यापाऱ्यांशी शतकानुशतके संबंध होता. त्या मार्गाने आलेली शाफई परंपरा कोकणी मुसलमानांत रुजली. उत्तर हिंदुस्थानात मध्य आशियातून आलेल्या राज्यकर्त्यांबरोबर हनफी पंथ स्थिरावला. १८५७ नंतरच्या काळात उत्तर प्रदेशातील मोमीन विणकर भिवंडीत येऊ लागले, त्यांनी तो येथे आणला. यंत्रमागाच्या या शहरात दोन्ही परंपरा शेजारी नांदतात. फरक स्वयंपाकघरातही दिसतो. शाफईंना केवळ पाण्यात राहणारे माशांखेरीज इतर जलचरही बहुधा चालतात, हनफींना ते वर्ज्य आहेत. कोळंबी मासा आहे की नाही, यावर तर हनफी विद्वानांतच वाद आहे.

तकलीदचा वाद

एखाद्या इमामाचे मत प्रमाण मानून चालणे म्हणजे 'तकलीद'. देवबंदी व बरेलवी हे दोन्ही प्रवाह हनफी आहेत. सामान्य माणसाला मूळ ग्रंथांतून नियम काढणे शक्य नाही, म्हणून त्याने एकाच इमामाला अनुसरावे, असे त्यांचे म्हणणे. एरवी जो तो सोयीचा नियम उचलेल आणि धर्माचरण मनमानी होईल, ही त्यामागची भीती. अहले-हदीस प्रवाहाला हे मान्य नाही. कुराण व हदीस यांत कोणत्याही एका इमामाला बांधून घेण्याची आज्ञा नाही, असे ते सांगतात.

दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३-१७६२) यांनी या वादात मधली वाट काढली. हिजरी चौथ्या शतकापूर्वी लोक एकाच पंथाला बांधलेले नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र जेथे अन्य पंथांचे विद्वान व ग्रंथ उपलब्ध नाहीत, तेथील सामान्य माणसाने हनफी पंथ सोडू नये, असेही सांगितले. म्हणजे बंधनाचे एक कारण व्यावहारिक होते. जेथे दोन्ही पंथांचे जाणकार शेजारीच आहेत, तेथे या कारणाचे वजन कमी होते.

न्यायालयाचा कौल

हा वाद केवळ नमाजेपुरता नाही. शाफई मतानुसार प्रथमच विवाह करणाऱ्या सज्ञान मुलीच्या निकाहासाठीही वली, म्हणजे पिता वा अन्य पालक आवश्यक असतो. हनफी मतानुसार सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते. मुंबई उच्च न्यायालयासमोर १८६४ मध्ये 'महंमद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद' या खटल्यात नेमका हाच पेच आला. शाफई घरातील मुलीने हनफी पंथ स्वीकारून पित्याच्या संमतीविना विवाह केला होता. वयात आलेल्या मुलीला चारपैकी कोणताही पंथ निवडता येतो आणि त्यानंतरच्या तिच्या कृतीला निवडलेल्या पंथाचेच नियम लागू होतात, असा निर्णय न्यायालयाने दिला.

पुढे विद्वानांनीच दुसऱ्या पंथाचा आधार घेतला. बेपत्ता पतीच्या पत्नीने त्याचे समवयस्क हयात असेपर्यंत वाट पाहावी, असे जुने हनफी मत होते. विवाहातून सुटण्यासाठी काही स्त्रिया धर्मत्याग करू लागल्या. तेव्हा मौलाना अश्रफ अली थानवी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी अशा प्रकरणांत मालिकी नियम स्वीकारता येतो, असे मत दिले. त्यातूनच मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम, १९३९ साठी वाट तयार झाली. पती चार वर्षे बेपत्ता असल्यास किंवा त्याने दोन वर्षे पोटगी न दिल्यास पत्नी घटस्फोट मागू शकते. हा कायदा आजही लागू आहे आणि तो कोणत्याही एका पंथापुरता नाही.

१९३७ च्या शरियत कायद्यातही विशिष्ट पंथाचे नाव नाही. तरीही सुन्नी पक्षकार हनफी आहे, असे न्यायालये गृहीत धरतात. त्यामुळे कोकणी पक्षकाराला आपण शाफई असल्याचे दाखवावे लागते. वारसा वा विवाहाच्या दाव्यात ही बाब महत्त्वाची ठरू शकते.

पंथ बदलल्याने कोणी धर्माबाहेर जात नाही, याबाबत सुन्नी विद्वानांत दुमत नाही. आक्षेप आहे तो केवळ सोयीसाठी नियम निवडण्याला. परंतु १९३९ चा अनुभव सांगतो की, सोय आणि न्याय यांतील भेद ओळखला, तर दुसऱ्या इमामाचे मत पळवाट न ठरता आधार ठरते.